टपली मारून चालतं ते

बाबा, काल नोएडात तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे होतात. मी वळून बघितलं नाही, कारण बघितलं की तुम्ही नसता, हे आता मला पाठ झालंय. पण सोल्डर करताना जळते त्या राळेचा वास आला, आणि माझं गणित चुकलं की तुम्ही नाकातून सोडायचात तो श्वासही ऐकू आला. अशा वेळी मागे उभं राहायचं नाही हो. आमच्या कारखान्यासाठी, बोर्डांवरचे सांधे जोडायला, सोल्डरिंग स्टेशन निवडायचं होतं. पेशंटच्या उशाशी हृदयाची रेघ दाखवणारे मॉनिटर असतात ना, त्यांचे बोर्ड आम्ही बनवतो. कोणतं स्टेशन घ्यायचं ते माझ्यावर सोपवलंय, आणि माझं चुकलं तर ते कुणाच्या तरी उशाशीच कळणार. या विचाराने माझी झोप उडाली होती.

टेबलावर दोन स्टेशनं मांडलेली. विकायला आलेला माणूस पहिल्याचं कौतुक करताना थकत नव्हता. "मॅडम, डिस्प्ले देखिए ना! साढ़े तीन सौ सेट किया, साढ़े तीन सौ पे ही खड़ा है. बिल्कुल स्टेबल." मी बोर्डावरच्या सगळ्यात जाड तांब्याला त्याचं तापलेलं टोक टेकवलं. तांब्याने सगळी उष्णता ओढून घेतली, टोक निवलं, सोल्डरची तार वितळायची सोडून तिथेच चिकटून बसली. डिस्प्लेवर मात्र साडेतीनशेच. त्याचा तापमान मोजणारा सेन्सर लांब, मागे दांड्यात होता. पुढे टोकाचं काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. दुसऱ्या स्टेशनचा हीटर आणि सेन्सर दोन्ही टोकाच्या आतच. टेकवल्याबरोबर आकडा खाली आला, लगेच सावरला, आणि सोल्डर पाण्यासारखं पसरलं. "ये वाला थोड़ा ऊपर-नीचे होता है," तो माणूस ओशाळून म्हणाला. मला तेच आवडलं. त्याला काही झालं तर ते दाखवतं तरी. पहिलं अगदी तुमच्यासारखं होतं, बाबा. पुढून थंड पडत चाललं तरी विचारलं की "मस्त आहे मी". रागच आला मला त्याचा.

तुमच्याकडे कुठला आलाय डिस्प्ले. सरकारी क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर, आईच्या पोळ्या आटोपल्या की ओटा तुमचा. ऑफिसातून येऊन चहा घ्यायचा आणि शेजारपाजारचे रेडिओ, टीव्ही उघडून बसायचं. ओल्या फडक्यावर टोक पुसलं की छुर्र आवाज येतो, त्या आवाजावरून तुम्हाला कळतं ते तापलंय की नाही. समोरच्या क्वार्टरमधले अंकल टीव्ही घेऊन आलेत. "भाईसाहब, दो थप्पड़ मारो तो चल पड़ता है!" मी हौसेने टपली मारते, चित्र येतं, मी उड्या मारते. आणि तुम्ही माझं मनगट धरता. घट्ट.

"टपली मारून चालतं ते चालणं नव्हे. आत ड्राय सोल्डर आहे. सांधा वरून जोडलेला दिसतोय, आत त्याने धरलेलंच नाही. तो शोधायचा असतो, मारायचं नसतं."

"अहो, हात सोडा तिचा," आई म्हणते. "पोरगी आहे ती, टीव्ही नाही."

मी रडले होते. पण पुढे शिकले ते हेच, आणि आता त्याचीच भाकरी खाते.

फरीदाबादच्या त्या हॉस्पिटलात तुमच्या उशाशीही एक मॉनिटर होता. मधूनच त्याचा पडदा काळा व्हायचा, सिस्टर येऊन टपली मारायची, रेघ पुन्हा धावू लागायची. एका दुपारी तुम्ही मास्कच्या आतून काहीतरी म्हणालात. मी कान जवळ नेला. वाटलं, आईबद्दल असेल. तुम्ही म्हणालात, "ड्राय सोल्डर." आणि हसलात. तुमचं माझ्याशी बोलणं तिथे संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते मशीन बदललं.

काल मी दुसरं स्टेशन पक्कं केलं. आवरून निघताना माझं बोट आपोआप त्याच्या डिस्प्लेवर गेलं आणि टपली बसली. तो माणूस दचकला. "मॅडम, नया पीस है. ठीक है ये." मी परत खुर्चीवर बसले. त्याने पाणी मागवलं.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. आईलाही हे माहीत नाही. रेघ सरळ झाली तेव्हा सगळे तुमच्याकडे बघत होते, मी मशीनकडे बघत होते. मी उठले आणि टपली मारली. मग आणखी एक, जोरात. सिस्टरने माझं मनगट धरलं, तुम्ही धरलं होतंत तसंच. "मॅडम, मशीन नई है," ती हळूच म्हणाली. "मशीन ठीक है."

सांधे कसे धरतात ते मला कळतं, बाबा. तरीही मला अजून वाटतं, तिने मला तिसरी मारू द्यायला हवी होती.