विटांच्या थप्पीवरचं पान

प्रिय माय,

तुला जाऊन महिना झाला. आज दुपारी, तब्बल तीन वर्षांनी, माझं एक पान लिहून झालं! आधी तुलाच सांगावंसं वाटलं. पण सांगायला तू आहेस कुठे? म्हणून हे पत्र.

दोन पुस्तकं निघाली, सत्कार झाले आणि माझं लिहिणं थांबलं. कोणी विचारलं की मी म्हणायचे, "सध्या सुचत नाही." तुला हे उत्तर कधी पटलं नाही. "सुचाले काय लागते वं? बसाले लागते!" मी हसले होते.

नंदनवन वस्तीत नवी घरं उठत होती, तिथे तू डोक्यावर विटा वाहायचीस. पस्तिशीत प्रौढवर्गात अक्षरं शिकलीस, आणि तेव्हापासून रोज एक पान! भाकर खाल्ली की विटांच्या थप्पीवर बसायचीस. सिमेंटनं बोटं चिरलेली. मुकादम विचारायचा, "काय लिहून राहिली वं बाई?"

"आपलंच. आपलं दुसरं कोण लिहीन?"

ती पानं तू मला वाचायला दिलीस. आणि मी पडले मास्तरीण! लाल शाईनं ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत केली. कौतुकाचा एक शब्द नाही. तू रागावली काहून नाहीस वं?

बाबा गेले त्या दिवशी माणसं पांगल्यावर तू वही उघडलीस. मी ओरडले, "आज तरी राहू दे!"

तू मान वर केली नाहीस. "आज नाही लिहिलं, तर उद्या मले खरं आठवन का?"

तू लिहिलेल्या चारच ओळी होत्या: त्यांनी पाणी मागितलं. मी चहा करून राहिली होती. म्हटलं, आली. गेली तवा ते नव्हते.

माय, माझ्या कथांमध्ये किती माणसं मेली! असं मरण मला एकदाही लिहिता आलं नाही.

मग तुला लकवा झाला, उजवा हात गेला. मला वाटलं, संपलं. दवाखान्यातून घरी आलीस त्याच्या चौथ्या दिवशी मी शाळेतून आले, तर तू डाव्या हातानं पाटीवर 'अ' काढत होतीस. वाकडा, थरथरता. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा पहिल्या अक्षरापासून! दोन महिन्यांत तुझं पान भरू लागलं. बुद्धविहारात उभं राहावं तशी मी दारातच उभी राहायचे. आत यायचा धीर होत नसे. एवढं बळ तू आणलंस कुठून?

आजचं माझं पान काही खास नाही. दोनदा वाचलं, दोनदा लाज वाटली. पण फाडलं नाही.

उद्या शाळेत परीक्षा आहे, परवा उमरेडला नात्यातलं लग्न. तरी उद्याचं पान उद्या होईल आणि परवाचं परवा, एस.टी.त मांडीवर वही ठेवून लिहावं लागलं तरी. चांगलंच लिहीन असं वचन मी देऊ शकत नाही, माय. रोज लिहीन, एवढं मात्र देते.

तुझीच,
सुमन