ताकाचा तांब्या

तीर्थरूप आईच्या पायांवर कुमारचं डोकं.

हितं चंद्रपूरकडं मोबाईलला रेंज न्हाई, म्हणून पत्र. मी बरा हाय. आप्पांचा खोकला थांबला का?

सर्व्हेच्या कामात सोनं शोधायला आमी लोकांच्या शेतातली माती पिशव्यांत भरतो. मातीत दुसरं सोनं मिसळू नये म्हणून तू दिलेली अंगठी काढून ठेवलीय.

एका म्हातारीच्या शेतातल्या मातीत सोनं लागलं. काल परत माती घ्यायला गेलो, तर तिनं तांब्याभर ताक दिलं. म्हणाली, "जमीन जाईन का रे बाबू?"

आई, आपलं रान धरणात जायच्या आधी मोजणीवाल्याला तूबी ताक दिलं होतंस, आन् हेच इचारलं होतंस. त्यानं जे सांगितलं, तेच म्या सांगितलं, "नुसती तपासणी हाय, आजी."

तुझ्यावानीच तिनंबी तांब्या परत भरून दिला.

तुझाच,
कुमार