शिवेवरचा दगड

२७ ऑक्टोबर
पाथर्डीपुढच्या वस्तीवर पोचले एकदाची! कंपनीने जमीन मोजायला पाठवलंय. सोबत जीपीएसचं यंत्र आणि राधाकृष्ण ड्रायव्हरची जीप. वस्ती ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. मागे फक्त रंगुबाई, माझी घरमालकीण. त्यांच्या ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, पण भाकरी काय सुरेख! शनिवारी सुप्याला घरी जायचंय. तीन वर्षांची चिमी बापाला सारखी विचारते, आई कुठंय? म्हणून मोबाईलवर लोकेशन चालूच ठेवते. नकाशावर माझा ठिपका दिसला की कार्टी मुकाट जेवते, असं माझा नवरा हर्षल सांगतो.

२८ ऑक्टोबर
शिवेवर दगडांची रांग आहे. तोडीला जाताना जो तो आपला दगड ठेवतो, परतल्यावर उचलतो. मुरमात यंत्राचा ट्रायपॉड डुगडुगत होता, म्हणून एक जुना रुतलेला दगड उपटून त्याच्या पायाखाली सारला. रंगुबाई भडकल्याच. दुसऱ्याचा दगड उचलू न्हाई म्हणे. परत न आलेला सुटतो आन् उचलणारा त्याच्या जागी अडकतो. मला हसू आवरेना.

दिवस मावळल्यावर यंत्र भलतीच जागा दाखवू लागलं. त्यात भूतबीत काही नाही. या दिवसांत संध्याकाळी फार उंचावर, आयनोस्फिअरमध्ये, बुडबुडे उठतात. त्यातून येताना उपग्रहाचा सिग्नल थरथरतो आणि जागा चुकते.

३० ऑक्टोबर
आज भर दुपारी तेच. दुपारी कसले बुडबुडे? मी शिवेवर, आणि मोबाईलवर माझा ठिपका पाथर्डीच्या स्टँडवर. हर्षलने विचारलं, लवकर निघालीस का? बाई गं, मी निघालेच नाही.

दगड परत ठेवायला गेले. हलत नाही. रंगुबाई म्हणाल्या, तो भामाबाईचा. तान्ही लेक मागं ठेवून तोडीला गेल्ती, परत आलीच न्हाई.

३१ ऑक्टोबर
खड्ड्यात गेली मोजणी. जीप काढायला लावली. शीव आली — राधाकृष्ण जीपसकट पलीकडे, आणि मी सीटवरून थेट दगडाशी. पुन्हा बसले. पुन्हा दगडाशी. त्यांनी हात धरून ओढलं, तरी —
भीती वाटतेय. फार.
ठिपका नगरच्या पुढे गेलाय.

१ नोव्हेंबर
ठिपका सुप्यात. आमच्या गल्लीत.
हर्षलला फोनवर ओरडून सांगितलं, ती मी नाही, दार उघडू नको. हसतोय. म्हणतो, पुरे गं, खिडकीतून दिसतेयस की.
फोन चालू आहे — चिमी किंचाळतेय, आई आली — कडी निघाली —
माझ्याच आवाजात कुणीतरी तिला म्हणतंय, ये गं माझी —