पडद्याआडची आंघोळ

विहीणबाईंना,

तुमच्या नातीच्या दुसऱ्या आजीचा नमस्कार. आपल्या दोघींत मोठी कोण हे अजून ठरलेलं नाही, म्हणून नमस्कारच करते. आशीर्वाद निघाला तर ठेवून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून उलट्या उतरता का? व्याह्यांचा खोकला बसला असेल अशी आशा आहे. (बसला नसेल तर कोमट पाणी द्या आणि विड्या कुठे लपवल्यात ते शोधा. उशीच्या अभ्र्यात बघा.) इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, त्यामुळे पत्र लिहायला निवांत वेळ मिळाला.

तुमच्या लेकीने फोन केलाच असेल. स्वयंपाकघराचं दार लावून बोलत होती, म्हणजे विषय मीच असणार. सासूबाईंनी पोरीला नापास केलं, असं म्हणाली ना? ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं सांगायला ती काही फोन करायची नाही, म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. माफीच मागायची असती तर घरातली माणसं काय कमी आहेत?

मुंगीने (तिला मुंगी म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही हे माहीत आहे, पण ती एका जागी बसत नाही त्याला मी काय करू) रुग्णसेवेच्या वर्गात नाव घातलं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, पोरगी दुसऱ्यांची घाण काढणार का. मी म्हटलं, बाळंतपणात आपल्या दोघींची कोणीतरी काढलीच, तेव्हा बरं दिसलं होतं ना? तर तिथे आजारी माणसाला खाटेवरच आंघोळ घालायला शिकवतात. तोंड धुवायचं, केस धुवायचे, कूस बदलायची, अंगाखालची चादर त्याला न उठवता बदलायची. सरावाला रबराचा एक पुतळा होता. कुणा शहाणीने त्याला उकळतं पाणी घातलं, तेव्हापासून त्याची मान गळाली. मग वर्गाने फर्मान काढलं, परीक्षेला आपापला पेशंट घरून आणा. तुमची लेक कामावर जाते, आणि माझ्या मुलाला कोणी अंगाला हात लावला की हसू फुटतं. उरले मी. मी पडले धडधाकट, तर मुंगी गळ्यात हात टाकून म्हणाली, "आजी, माझ्यासाठी तू फक्त आजारी पड गं." इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं.

घरी सराव सुरू झाला. चादर बदलायची म्हणजे म्हातारीला एका कुशीवर लोटायचं, जुनी चादर तिच्या पाठीशी गुंडाळत आणायची, मागोमाग नवी पसरायची आणि मग त्या गुंडाळीवरून म्हातारीला पलीकडे घ्यायचं. पहिल्या खेपेला मी गुंडाळीसकट पलीकडे गेले आणि तशीच पुढे जमिनीवर गेले. (मोडलं काही नाही. हाडं जुन्या मापाची आहेत.) मग केस. डोक्याखाली प्लास्टिक घालून त्याची पन्हळ करायची आणि तिचं तोंड बादलीत सोडायचं. पन्हळ छान झाली. बादली मात्र खाटेच्या दुसऱ्या अंगाला होती, आणि या अंगाला तुमच्या जावयाचे कामावर जायचे बूट. ते दिवसभर पचक पचक चालत होते म्हणे. त्या दिवसापासून बूट कपाटावर गेले, आणि तुमचे जावई रोज सकाळी स्टुलावर.

पण विहीणबाई, खोटं कशाला बोलू, पोरगी शिकली. पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून बघते. डोळे नाकाकडून कानाकडे पुसते. पायाच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करते. माझंच तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. हात लावायच्या आधी सांगते, आजी, आता डावा हात घेते हं. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं, बाकी सगळी मी पांघरुणात. आणि सगळ्यात आधी काय करते, तर पडदा ओढते. वर्गात पहिला धडाच तो होता म्हणे, आधी आडोसा, मग पाणी.

आता परीक्षेचं ऐका. मोठा हॉल, मधे दोन खाटा, प्रत्येक खाटेभोवती तारेवरचा पडदा. भिंतीशी बाकावर पुढचे पेशंट ताटकळत बसलेले. कुणाचे सासरे, कुणाचा दीर, एक न्हावीमामा. (त्यांना हात रिकामे ठेवायची सवय नसावी, सगळ्यांच्या डोक्यांकडे हळहळून बघत होते.) परीक्षकबाई बाहेरून आलेल्या. त्यांच्या घरी त्या भल्या असतील. दोन खाटांच्या मधे चाकाच्या खुर्चीत बसायचं, मान इकडून तिकडे फिरवायची, बूड हलवायचं नाही, असा त्यांचा बेत. शेजारच्या खाटेवर कुणाची तरी चुलती होती. तिचा पडदा उघडाच. बिचारीने डोळे घट्ट मिटलेले, कान लालभडक, आणि बाकावरची मंडळी छतावर काहीतरी असल्यासारखी छताकडे बघत होती.

मुंगीने शिकल्याप्रमाणे पडदा ओढला. माझ्या खांद्यावरचं पांघरूण खाली घेतलं, साबण लावला, तोच बाहेरून आवाज आला, "ए मुली, पडदा उघड. मला दिसत नाहीये."

मुंगी म्हणाली, "बाई, वर्गात सांगितलंय, आधी पडदा."

"ते पेशंटसाठी. ही परीक्षा आहे."

पोरीचा हात पडद्याकडे गेला. मी काय केलं, तर ओल्या हाताने पडदा आतून मुठीत धरला. म्हटलं, "बाई, परीक्षा तुमची आहे, आंघोळ माझी आहे."

"मावशी, दिसल्याशिवाय मी मार्क कसे देऊ?"

"मग उठून आत या. पाय आहेत की तुम्हाला."

"मी एका वेळी दोन मुली बघते."

"एकेक बघा. आम्ही पळून कुठे जातोय? अंगाला साबण लागलाय आमच्या."

बाकावर कोणीतरी खोकलं. (न्हावीमामा असावेत. हसू दाबल्याचा खोकला मला ओळखता येतो.) मुंगी कानाशी म्हणाली, "आजी, सोड ना गं." तेव्हा सोडला असता तर पोरगी पास झाली असती. हे मला नंतर कळलं नाही, विहीणबाई, त्याच क्षणी कळत होतं. तरी मी सोडला नाही. आणि तेवढ्यात शेजारून फर्रकन आवाज आला. त्या चुलतीने पण आपला पडदा ओढून घेतला होता! म्हणजे आता परीक्षकबाई दोन बंद पडद्यांच्या मधे, चाकाच्या खुर्चीत.

मुंगीने सगळी आंघोळ घातली. पाठ पुसली, चोळली, कपडे चढवले, चादर बदलली. मी या वेळी गुंडाळीबरोबर कुठे गेले नाही. चादरीला एक सुरकुती नव्हती. परीक्षकबाईंनी शेवटी पडद्यातून नुसतं डोकं आत घातलं आणि पुस्तकातला प्रश्न विचारला, "काय आजी, बरं वाटतंय का?"

मी म्हटलं, "तुम्ही येईपर्यंत वाटत होतं."

एवढं वाक्य गिळलं असतं तरी चाललं असतं, असं तुमची लेक म्हणते. चाललं असतं. पण मग मला बरं वाटलं नसतं, आणि बाई तेच विचारायला आल्या होत्या. कागदावर त्यांनी लिहिलं, काम दिसले नाही. शून्य. चुलतीच्या पुतणीलाही शून्य. बसमध्ये मुंगी खिडकीकडे तोंड करून बसली. दवाखान्याने तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे, पास झाल्याचा कागद नेला की रुजू. कागद नाही तर जागा दुसरीला. त्यामुळे घरात सगळ्यांची तोंडं वाकडी, आणि मीच एकटी गुन्हेगार.

तरीही सांगते, चुकले नाही. उद्या तुमचा गुडघा पार गेला, माझी कंबर गेली, आपण दोघी आडव्या पडलो, तर आपलं अंग कुणाच्या हाती द्यायचं? बाईंनी डोळे वटारले की पडदा उघडणारीच्या? द्या तुम्ही. मी नाही देणार. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा धरीन, आणि या खेपेला दोन्ही हातांनी धरीन.

व्याह्यांना नमस्कार सांगा. विड्या सापडल्या तर माझं नाव सांगू नका.

कुणाची माफी न मागितलेली,
मुंगीची इकडची आजी

ता. क. परीक्षा पुन्हा घेणार आहेत, येत्या पंधरवड्यात. वर्गातून निरोप आला की पेशंट बदला, या आजी नकोत, शांत स्वभावाचं माणूस आणा. "शांत" खाली रेघ मारली आहे. तुमच्या लेकीने लगेच तुमचं नाव घेतलं, पण तुम्हाला विचारायला तिला लाज वाटते. मला नाही वाटत. तुम्ही या. नात अर्धी तुमची आहे, अर्धी पाठ तुम्ही पुसून घ्यायला हरकत नाही. पुढून बटणं असलेला गाऊन आणा.

ता. क. दुसरं. वरचं लिहून पाकीट चिकटवणार तोच मुंगी नेलकटर घेऊन आली, माझे पाय मांडीवर घेतले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आजी, पडदा तू धरायला नको होता." म्हटलं, झालं, हिचंही तेच. तर खाली बघूनच म्हणाली, "तो मी धरायचा होता. या वेळी मी धरणार आहे." तेव्हा विहीणबाई, शांत माणूस हवंय ते यासाठी. तुम्ही फक्त पडून राहा.