मुकादमाचा ताबा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, धंदा लिखाण, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ते कायमच ठिकाणावर असते असा माझा दावा नाही, पण आज आहे. कोणाचाही दबाव माझ्यावर नाही. मुकादम नावाचा कुत्रा माझ्या उजव्या पावलावर बसलेला असून त्याचे वजन बावीस किलो आहे. हा दबाव कायद्यात बसतो की नाही ते वकिलांनी पाहावे. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, रोजचेच काम आहे. त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे. म्हणून हा खटाटोप. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि कुठे सापडलेच तर ते रद्द समजावे.

मी कोण, हे थोडक्यात. गेली सतरा वर्षे मी शनिवारच्या पुरवणीत कुत्र्यांच्या संगोपनावर सल्ला देणारे सदर लिहितो. त्यातली पहिली अकरा वर्षे माझ्याकडे कुत्रा नव्हता. आधी लिहिणाऱ्या बाई अचानक सोडून गेल्या आणि संपादकांनी मान वर करून पाहिले तेव्हा खोलीत मी एकटाच होतो, एवढीच माझी पात्रता. ज्ञान पुस्तकांतून आणले. अधिकार मात्र दर शनिवारी थोडा थोडा आपोआप साचत गेला.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीला द्यावे. तिला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात आणि डोळे सुजतात, म्हणून मुकादमाला तिच्या नावे करता येत नाही. घराचा ताबा घेण्याआधी तिने पडदे धुवावेत, गाद्या उन्हात टाकाव्यात आणि सोफा सरळ फेकून द्यावा. कुत्र्याला सोफ्यावर चढू देऊ नये, हे मी आजवर निदान वीस वेळा छापले आहे. त्या सोफ्यावर माणसाने बसावे अशी जागा गेल्या सहा वर्षांत उरलेली नाही.

कलम २. कुत्र्यांवरची माझी सगळी पुस्तके निवृत्त पोस्टमास्तरांना द्यावीत. हे गृहस्थ माझे वाचक. माझ्या चुका दाखवणारी चौऱ्याण्णव पत्रे त्यांनी मला पाठवली आणि मी त्यांना कधी उत्तर दिले नाही. पहिल्याच वर्षी मी छापले होते की पिल्लाने घरात लघवी केली तर त्याचे नाक त्यात घासावे, म्हणजे ते शिकते. पोस्टमास्तरांनी एका ओळीचे पत्र पाठवले: "पाहुण्याच्या हातून आपल्या घरी पाणी सांडले, तर आपण त्याचे काय घासता?" ते बरोबर होते. पिल्लू झोपून उठले की, जेवले की, खेळून दमले की लगेच बाहेर न्यावे. बाहेर काम झाले की तिथल्या तिथे कौतुक करावे. आत झाले तर काही न बोलता पुसून घ्यावे. ही दुरुस्ती मी छापली, पण मलाच सुचल्याच्या थाटात छापली. पुस्तकांच्या समासांत त्यांनी मनसोक्त लिहावे.

कलम ३. खिडकीजवळची आरामखुर्ची खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला. मुकादम तीन महिन्यांचा असताना दिसेल ते चावायचा. त्यावर माझा छापील सल्ला असा होता, आणि तो आजही योग्यच आहे: ओरडू नये, मारू नये, खेळ थांबवून पाठ फिरवावी आणि चावायला दुसरी वस्तू पुढे करावी. एके दिवशी जिन्यात मी सल्ल्याप्रमाणे पाठ फिरवली. मागून शिंप्याचा शांत आवाज आला, "तुम्ही पाठ फिरवलीत ते बरोबरच असेल, साहेब. पण त्याने धरलंय मला." ती विजार त्याने स्वतःच रफू केली आणि एक अवाक्षर काढले नाही. खुर्ची त्याबद्दल.

कलम ४. मुकादम याचा ताबा ताईकडे जावा. (हे नाव बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळ्या शाईत आहे. ते खाडाखोड समजू नये. खुलासा कलम ६ मध्ये.)

ताबा घेणाऱ्यासाठी सूचना. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोनच वेळा खायला द्यावे: वाफवलेला मासा, भात, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पूड. मीठमसाला नाही. मधल्या वेळात तो आपण आठवडाभर उपाशी असल्याचे सांगेल. तो खोटे बोलतो. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा यांतले काही कधीही देऊ नये. आपल्या डोकेदुखीची गोळी तर अजिबात नको. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे. मी एका उन्हाळ्यात आठवड्यातून तीनदा घालून त्याची कातडी कागदासारखी करून ठेवली होती. दोन्ही कान दर रविवारी उलटून पाहावेत. लाल दिसले, किंवा तो पंजे चाटत बसला, तर आधी त्याच्या पोटात काय गेले ते आठवावे. कोणी दिले, ते नंतर. हा क्रम मी उलटा केला.

कोंबडी मात्र कधीच नाही, कुठल्याही रूपात नाही. कारण पुढच्या कलमात आहे, आणि हे सगळे मृत्युपत्र खरे म्हणजे त्या कलमासाठीच लिहायला घेतले आहे.

कलम ५. माझी थोरली बहीण बेकरी चालवते. सहा वर्षांपूर्वी तिला बेकरीच्या मागच्या पायरीखाली हे पिल्लू सापडले. पावाच्या ट्रेमध्ये घालून ती ते माझ्याकडे घेऊन आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "अकरा वर्षं लोकांना शिकवतोयस. आता स्वतः पास होऊन दाखव." मुकादम हे नावही तिचेच. काम काही करत नाही, पण सगळ्यांच्या मागे फिरून देखरेख ठेवतो, म्हणून.

अडीच-तीन वर्षांचा झाला आणि त्याला खाज सुटली. पंजे चाटून चाटून लाल, कान गरम, पोटावरचे केस गेलेले. डॉक्टरांनी खाजेची गोळी दिली आणि सांगितले, खाण्याची ॲलर्जी असावी. आठ आठवडे एकच मांस आणि एकच धान्य द्या, त्याखेरीज तोंडात कणही जाता कामा नये. मी मासा आणि भात ठरवला. फ्रिजवर तक्ता चिकटवला, रोज सही केली. आठ आठवडे झाले, खाज होती तशीच.

तक्त्यावर माझी सही असल्यामुळे तक्ता चुकणे शक्य नव्हते. म्हणजे कोणीतरी चोरून चारत होते. ताईच्या बेकरीत कुत्र्यांसाठी बिनसाखरेची बिस्किटे मिळत, काउंटरवर मोठी बरणीच असे, आणि फिरायला जाताना आम्ही रोज तिथे थांबत असू.

"मी दिलं नाही," ताई म्हणाली.

"आठवून बघ."

"आठवायला मी काय म्हातारी झालेय? नाही दिलं म्हणते ना."

मी विश्वास ठेवला नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण शनिवार आला, विषय सुचेना, आणि मी लिहिले: "प्रेमाच्या नावाखाली गुपचूप बिस्किटे चारणारे नातलग हा कुत्र्यांचा सर्वात मोठा आजार आहे, विशेषतः ज्यांचा धंदाच बिस्किटांचा." गावात बेकऱ्या तीन. कुत्र्यांवर लिहिणारा भाऊ त्यातल्या एकाच मालकिणीला. पंधरा दिवसांत त्या बिस्किटांना कोणी हात लावेना, आणि महिन्याभरात बरणी काउंटरवरून गेली. तेव्हापासून तीन वर्षे ताई माझ्याशी बोललेली नाही. फिरायला आम्ही दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो. बेकरीच्या वळणावर मुकादम चारही पाय रोवून उभा राहायचा आणि मी त्याला ओढून नेत असे.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सहज विचारले, "गोळी नीट घेतो ना?"

"एका घासात. कोंबडीच्या कलेजीत गुंडाळून देतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"त्या आठ आठवड्यांतसुद्धा?"

"हो. पण ती गोळी झाली. खाणं नाही."

हे वाक्य माझे आहे. ते सतरा वर्षांच्या अनुभवातून आलेले आहे.

त्या दिवसापासून गोळी माशात दिली. सहा आठवड्यांत पंजे कोरडे, पोटावर नवे केस. खात्रीसाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून कलेजीचा एक तुकडा देऊन पाहिला, तर दुसऱ्या दिवशी कान लाल. म्हणजे तीन वर्षे मी खाजेचे औषध खाजेतच गुंडाळून दिले, आणि दोष बहिणीच्या बरणीवर ठेवला.

हे कळून अडीच महिने झाले. वाचकांना मी सांगत असतो की कुत्र्याला उशिरा रागावू नये, चूक कुठली ते त्याला कळत नाही. माणसाने उशिरा माफी मागितली तर काय होते याबद्दल माझ्याकडे माहिती नव्हती, म्हणून मी मागितली नाही. माफीचा लेख लिहून पाकिटात बंद केला आणि वर लिहिले, "माझ्या मृत्यूनंतर छापावा." ताब्याच्या कलमात नावाची जागा कोरी सोडली. तिथे ताईचे नाव घालण्याचे तोंड मला नव्हते.

कलम ६ (सोमवारी दुपारी जोडलेले). काल संध्याकाळी साक्षीदार म्हणून सही करायला डॉक्टर आले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नसते, पण त्यांनी वाचला. म्हणाले, "सही करतो. पण मेल्यावर माफी मागायची म्हणजे समोरच्याला बोलायची सोयच ठेवायची नाही. आधी तिकडे जाऊन या."

आज सकाळी गेलो. वळणावर मुकादमाने मला ओढले. ताई काउंटरमागे ट्रे पुसत होती. मुकादम थेट आत गेला आणि बरणी जिथे असायची त्या जागेखाली जाऊन बसला. मी कागदच पुढे केले. तिने पिठाचे हात ॲप्रनला पुसले, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचले. दोन गिऱ्हाइके पाव घेऊन गेली, तेवढ्यापुरती ती वाचायची थांबली.

"शिंप्याची खुर्ची तिसऱ्या कलमात," ती म्हणाली. "मी पाचव्यात."

"चुकलो."

"कागदावर हा शब्द नाहीये कुठे. मी शोधला."

"आत्ता म्हणालो ना."

"ऐकलं. आणि ते पाकीट तू मेल्यावर कशाला? या शनिवारी छाप. बरणी मी उगाच पुसून ठेवत नाहीये."

मी हो म्हणालो. मग जाता जाता, तिच्याकडे आणखी काही मागण्याची लाज वाटून, एवढेच म्हणालो की वाचलेच आहेस तर दुसरी साक्षीदार म्हणून सही कर. तिने गल्ल्यातले पेन काढले, टोपण उघडले आणि चौथे कलम पुन्हा वाचले.

"ही जागा कोरी का?"

"ठरलं नाही अजून."

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळतं का रे?"

"नाही. सही केली की त्याला काही घेता येत नाही."

तिने मुकादमाकडे पाहिले. मग पेनला टोपण लावले आणि ते पेन माझ्यासमोर ठेवले. "शिंप्याला बोलाव सहीला."

"त्याला खुर्ची दिलीय."

"मग काढून घे. किंवा आजच नेऊन दे त्याला."

कोरी जागा मी तिथेच, तिच्या पेनाने भरली. ती बघत होती. कागद घडी करून परत देताना म्हणाली, "आणि ऐक. कुत्रा मिळायची मला काही घाई नाहीये."

कलम ७. त्यानुसार खुर्ची आज दुपारीच शिंप्याच्या घरी पोचवली. कलम ३ रद्द. पाकीट फोडून लेख संपादकांकडे धाडला. तो शनिवारी येईल, मी असो वा नसो. बुधवारपासून मी घरी येईपर्यंत मुकादम बेकरीत राहील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत केली.

सही: लिहून ठेवणारा, सदर-लेखक

साक्षीदार १: जनावरांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही, खुर्ची मिळाली, आता यातून काही घेणे नाही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, संध्याकाळी सात. सही करायला पाच मिनिटे उशीर झाला, कारण आधी त्याला खायला घातले.