हिरव्या शालीचं पाणी

प्रिय ताई,

दार उघडायचं नसेल तर नको उघडूस. मी आता बेल वाजवणार नाही, दारही बडवणार नाही. फक्त आज चार वाजताचं पाणी तुझ्या टिल्लूला देऊ नकोस. एवढं वाचून बाकीची पानं टराटरा फाडलीस तरी चालेल. आत्ता सव्वातीन झालेत.

मी तुझ्या जिन्यातच बसलेय. समोरच्या शिवणकामवाल्या काकूंनी स्टूल दिलं, पेनही त्यांचंच. काय झालं म्हणून विचारलं त्यांनी, तर मी सांगितलं की बहीण रुसलीय. त्या म्हणाल्या, बहिणी रुसायच्याच, चौकीदाराला बोलावून दार उघडून घेऊ का? मी नको म्हटलं. आजचा पेला मी हिसकावून घेईन गं, पण उद्याचा आणि परवाचा तुझ्याच हातात राहणार. तुला पटल्याशिवाय काही थांबणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या वेण्या तू घातल्यास, माझे पाढे तू घेतलेस, आणि माझा एकही हट्ट तू पटल्याशिवाय पुरवला नाहीस. म्हणून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं येतंय, सांभाळून घे.

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "तुला आमचं बरं झालेलं बघवतच नाही." आणि ठेवून दिलास. ते मला लागलं, पण तुझा तरी काय दोष? गेली दोन वर्षं मी तुझ्याशी तशीच बोलत आलेय. प्रार्थनाघरातल्या हिरवीमायच्या चित्रापुढे तू डोळे मिटून बसायचीस आणि मी शेजारी बसून तुला सांगायचे की शालीच्या घड्या चुकल्यात, डावा हात उजव्यापेक्षा मोठा झालाय, चित्रकार शिकाऊ असणार. तू डोळे न उघडता मला चिमटा काढायचीस. गेल्या वर्षी आमच्या वर्गाला निबंध होता, कला, विज्ञान आणि श्रद्धा यांचं एकमेकांशी नातं काय. मी ठोकून दिलं की श्रद्धा म्हणजे चित्रावर साठलेली काजळी, विज्ञान ती पुसतं आणि खाली उरते ती कला. पहिला नंबर आला. तुला फोनवर वाचून दाखवला होता. तू सगळा ऐकलास आणि एवढंच म्हणालीस, "छान लिहिलंयस गं, पण रात्री मला झोप लागते ती कुठल्या थरामुळे?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. काल रात्रभर तेच वाक्य डोक्यात घणासारखं आदळत होतं.

आता झालं काय ते नीट सांगते, आणि मनापासून ऐक, कारण यात हिरवीमायचा काही दोष नाही आणि तुझाही नाही. प्रार्थनाघराने चित्र आमच्या चित्रदुरुस्तीच्या वर्गाकडे साफसफाईला दिलं, तेव्हा सरांनी ते माझ्या हाती सोपवलं. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांना बारीक काम दिसत नव्हतं. त्या लांब टेबलापाशी, उत्तरेच्या खिडक्यांखाली, मी तीन महिने काडीला कापूस गुंडाळून एकेक बोटभर जागा पुसली. वरचं जुनं वॉर्निश काळंपिवळं झालं होतं, त्यात शंभर वर्षांचा धूर आणि हातांचं तेल बसलं होतं. ते निघालं आणि खालून शाल अशी हिरवीगार वर आली की मी काडी खाली ठेवली आणि रडले. ताई, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. घड्या चुकलेल्या नव्हत्या. काळ्या थराखाली दिसत नव्हत्या, इतकंच. मी शिकाऊ म्हटलेल्या त्या माणसाला शाल कशी पडते ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

नियम असा आहे की जुनं वॉर्निश काढलं की नवीन लावायचं. मी लावलं नाही. मला तो रंग तसाच उघडा, कोरडा आवडला होता. वॉर्निशने चकाकी येते, मूळ चित्रकाराला चकाकी नको असणार, असं मी सरांपुढे भाषण केलं. सर म्हणाले, हिरवा रंग कसला आहे ते तपासलंस का? मी तपासला होता. टाचणीच्या टोकाएवढा कण घेऊन त्यावर अमोनियाचा थेंब टाकला, थेंब निळा झाला. म्हणजे तांबं. तांब्याचे हिरवे रंग बहुतेक साधेच असतात. मी वहीत लिहिलं, हिरवा, तांब्याचा, निर्धोक, आणि पुढे बघितलंच नाही. पक्की तपासणी व्हावी म्हणून एक कण मोठ्या यंत्राकडे पाठवला होता, पण तिथली रांग चार महिन्यांची. प्रार्थनाघरवाले घाई करत होते, चित्र गेलं. तू त्या दिवशी पहिल्या रांगेत होतीस. लोकांनी शाल पाहिली तेव्हा मागचे लोकही पुढे सरकले. तू माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली.

यंत्रवाल्या बाईंचा फोन काल संध्याकाळी पाचला आला. चारला आला असता तर! त्या म्हणाल्या, तांबं आहे, पण एकटं नाही, त्याच्यासोबत सोमल आहे, म्हणजे आर्सेनिक, जालीम विष, आणि भरपूर. पूर्वी असा रंग करत, फार सुंदर दिसायचा, म्हणून घराच्या भिंतींनासुद्धा लावत, नंतर बंद झाला. मग त्यांनी विचारलं, हातमोजे घातले होतेस ना? मी हो म्हटलं. मग त्या हसून म्हणाल्या, "मग घाबरतेस कशाला, चित्र काही कुणी चाटत नाही."

ताई, त्यांना कुठे माहीत की हिरवीमायच्या शालीचा काठ ओल्या फडक्याने पुसतात आणि ते फडकं पेल्यात पिळून आजाऱ्याला पाजतात. शंभर वर्षं पाजत आलेत आणि कुणाला काही झालं नाही, कारण शंभर वर्षं फडक्याला लागत होता तो वरचा मळ आणि वॉर्निश. ते वॉर्निश मधे होतं म्हणून पोरं वाचत होती. मी ज्याला काजळी म्हटलं, ज्यावर पहिला नंबर मिळवला, ते मी स्वतःच्या हाताने पुसून काढलं आणि तुझ्या फडक्याला रंग लागायला लागला. तूच म्हणाली होतीस की हल्ली पाण्याला हिरवी झाक येते, हिरवीमायचा हात आता थेट लागतो. मी ते ऐकलं होतं. ऐकून खूश झाले होते.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, आधी पडदा, मग रडणं. आम्ही लगेच गेलो. प्रार्थनाघरातल्या राखणदाराशी हुज्जत घातली, चित्रापुढे पडदा लावला आणि जाळीच्या दाराला कुलूप. ज्यांनी ज्यांनी पाणी नेलं त्यांची यादी राखणदार तोंडपाठ म्हणत होता आणि सर लिहीत होते. आज सकाळपासून वर्गातले सगळे घरोघरी फिरतायत. बावीस घरं आहेत. त्यात तुझं नाव आलं, आणि राखणदार पुढे म्हणाला की तुमच्या ताई तर परवाच बरणी भरून घेऊन गेल्या. म्हणजे पडदा लावून तुझ्यापुरतं काहीच थांबलेलं नाही. आज सकाळी तू पडदा पाहिलास आणि तुला वाटलं मी हिरवीमायला कोंडून ठेवलं. कोंडलंच मी. पण तिचा राग येऊन नाही.

मला माहीत आहे तुझ्या मनात काय चाललंय. तापातून उठल्यापासून दीड वर्ष पोराच्या पायात त्राण नाही. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. भावजी बोटीवर, यायला अजून दोन महिने. भिंतीला धरून तो खोलीभर जातो, तेव्हा तू दुसऱ्या टोकाला हात पसरून एकटी उभी असतेस. आणि तीन आठवड्यांपूर्वी तुझा तो फोन. किती दिवसांनी तुझा आवाज तसा ऐकला मी. म्हणालीस, टिल्लूच्या पायाला मुंग्या येतायत, तो स्वतःहून म्हणतो, पायात जीव येतोय बघ. मीही आनंदाने ओरडले होते. मग म्हणालीस की पोटाचं जरा बिघडलंय, उलट्या होतात, पण ते दात पडायच्या वयात होतच असेल. मी हो हो म्हटलं. दातांचा आणि उलट्यांचा काय संबंध, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही मला. विज्ञान शिकते मी!

आत्ता आतून त्याचा आवाज येतोय. काहीतरी मोजतोय, सतराच्या नंतर परत बारा म्हणतोय. तू त्याला दुरुस्त करत नाहीयेस, म्हणजे तू दाराशीच आहेस. पावणेचार झाले. मला भीती वाटते, ताई. आई गेली त्या दिवशीसुद्धा इतकी वाटली नव्हती, कारण तेव्हा तू होतीस आणि काय करायचं ते तुला ठाऊक होतं. आज मला ठाऊक आहे आणि तू दाराच्या पलीकडे. तुला वाटतं की एका बाजूला मी आणि माझी यंत्रं, दुसऱ्या बाजूला तू आणि हिरवीमाय. तसं नाहीये गं. ते सांगण्याची लाज वाटत होती म्हणून इतकी पानं भरली. आता सांगतेच.

चित्र परत गेल्यापासून रोज सकाळी वर्गाच्या आधी मी प्रार्थनाघरात जात होते. तू यायच्या आधी, कुणी ओळखीचं नाही ना ते बघून. आजाऱ्याच्या नावाने दुसऱ्यानेही पाणी प्यायलं तरी चालतं, असं तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. मी टिल्लूच्या नावाने पीत होते. चार महिने, रोज एक पेला. कुणाला सांगितलं नाही, कारण निबंधात माझा पहिला नंबर होता. या पानांसोबत घडी घातलेला एक कागद आहे, तो माझ्या लघवीचा रिपोर्ट आहे. यंत्रवाल्या बाईंनी आज दुपारी स्वतः करून दिला. त्यात लाल शाईने गोल केलेला आकडा बघ, त्याच्यापुढे किती असायला हवा तेही छापलंय. मलाही उलट्या होतात. आणि ताई, मुंग्या मलाही येतात, दोन्ही पायांना, महिना झाला. माझे पाय तर धडधाकट आहेत. त्याच्या पायात येतोय तो जीव नाही. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, पाणी बंद केलं आणि आजच आणलं तर यावर औषध आहे, पोरं लवकर सावरतात, पण आजच. मीही तिथेच भरती होणार आहे, त्याच्या शेजारची खाट मागून ठेवलीय. चारला दहा कमी आहेत, मी पानं दाराखालून सरकवते. हिरवीमायला सोडू नकोस, मी सांगतही नाही. फक्त पेला ओत आणि त्याला चपला घाल.

तुझीच,
दाराबाहेर बसलेली धाकटी