टाकीचं झाकण मीच उघडलं

प्रिय स्वप्नाली,

फोनवर मी "जेवलीस का" विचारते, तू "हो, बरी आहे" म्हणतेस आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून आज कागद घेतला. हसू नकोस, पण बातमी आपल्या संडासाची आहे. फ्लश दुरुस्त झाला, आणि तो मी केला!

त्याचं रडगाणं तुला माहीतच आहे. बटण दाबलं की नुसती बारीक धार, मग वरून बादली ओतायची. आम्हा दोघांच्या ते अंगवळणी पडलं होतं. पण दिवाळीत तू आलीस तेव्हा काही न बोलता बादल्या भरून नेत होतीस, ते मी बघत होते. परवा प्लंबरला फोन लावला, तर तो जोतिबाच्या यात्रेला गेलेला. तुझे सासरे म्हणाले, "यील की आठवड्यानं. तवर बादली हायच." दुधाचा टँकर चालवलेला माणूस, इंजिनात कोपरापर्यंत हात घालायचा, पण या टाकीजवळ यायला तयार नाही.

मग मीच पदर खोचला. आधी भरलेली बादली एकदम ओतून पाहिली. पाणी झटक्यात निघून गेलं. म्हणजे खाली काही तुंबलेलं नव्हतं, दुखणं वर टाकीतच होतं. झाकण उचललं तर टाकी जेमतेम अर्धी भरलेली. पाणी चढलं की जो फुगा वर येऊन नळ बंद करतो, तोच फार खाली बसवलेला. त्याचा स्क्रू मी आधी चुकीच्या बाजूला फिरवला आणि पाणी आणखीच कमी झालं. तेवढ्यात हे दारात हजर. "अगं, उलटं फिरवालीस! सर बाजूला." मी म्हटलं, "सरकत न्हाई. बॅटरी धरा." धरली बिचाऱ्यांनी! सरळ फिरवल्यावर पाणी टाकीतल्या खुणेपर्यंत चढलं.

तरी जोर येईना. भांड्याच्या काठाखाली आरसा धरला, तर पाणी यायची भोकं बोअरच्या क्षारांनी बुजून गेलेली. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चिंध्या तिथे कोंबल्या आणि आम्ही जेवून घेतलं. मग हातमोजे घालून तारेनं एकेक भोक मोकळं केलं. बटण दाबलं आणि असा लोंढा आला, की हे दोन पावलं मागं सरकून ओरडले, "आयला, पंचगंगेला पूर आला की!" आरडाओरडा ऐकून शेजारच्या अंबूबाई धावत आल्या. यांनी त्यांनाही फ्लश चालवून दाखवला, जणू दारात नवी गाडी आणलीय.

आता खरं सांगते. बाळंतपण पुण्यातच करायचं तू ठरवलंयस, असं आमचा विश्वजित म्हणाला. "आईंना कशाला त्रास" म्हणालीस म्हणे. तुझी आई असती तर तू सरळ वडगावला गेली असतीस आणि हा विचार तुझ्या मनाला शिवलाही नसता. त्यांची जागा मला घेता यायची नाही, हे मला कळतं. पण अशा वेळी पोरीला कुणाला तरी हक्कानं त्रास देता आला पाहिजे गं. तो मला दे. तुझ्या बाबांशी बोलले आहे, तेही वडगावहून इथं येऊन राहतील. फक्त सासरी निघालीस असं समजून बॅग भरू नकोस. ढगळ गाऊन घे, तुझी उशी घे, आणि रुसायचं असेल तर तेही इथं येऊन रुस.

तुझीच,
आई